मणभर जुना तांदूळ

कोळवण, ता. ३ नोव्हेंबर १९६३

श्री. वाल्मीकरावसाहेब यांस,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. आजवर तुला वाल्मीक म्हणत आले, तुझं नाक पुसलं तेव्हाही आणि तू बी.एस्सी. झालास तेव्हाही. आजपासून तुम्ही. साहेबाला वहिनीनंसुद्धा अरेतुरे करू नये.

तुमचे दादा पंधरा दिवस अंथरुणावर आहेत. ज्या इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत अकरा वर्षं राबले, त्याच पुण्याच्या इस्पितळानं त्यांना घरी पाठवून दिलं. अंगावर निळे डाग उठतात. दात घासले की रक्त येतं. ओटा चढले तरी धाप लागते. अंगात रक्तच तयार होत नाही म्हणतात. हात तर तुम्ही गेल्या वर्षी बघितलेत. नखं काळी आणि उभी चिरलेली, बोटांची कातडी भेगाळलेली, उजव्या आंगठ्याची जखम वर्ष झालं तरी भरत नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "दादा, हाताला खोबरेल लावत जा." एवढे शिकलात आणि अक्कल खोबरेलापर्यंत पोचली.

मी स्वतः मोठ्या डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, हे त्या मशीनचं दुखणं आहे. लहान पोर रडतं, हलतं, मग फोटो नीट येत नाही, म्हणून आमचे हे त्याला दोन्ही हातांनी धरून मशीनपुढं उभे राहायचे. पडद्यावर बघायचं असलं तर दोन-दोन मिनिटं. दिवसात आठ-दहा वेळा. शिशाचा एप्रन खोलीत एकच, तो डॉक्टरांच्या अंगावर. माझं सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांनी कपाटातून कागदांची चळत काढली. म्हणाले, "बाई, हे मुंबईचं सरकारी माप आहे. तुमच्या नवऱ्याला काही लागलेलं नाही."

म्हणजे तुमचं माप. मशीनवर काम करणाऱ्यानं छातीवर बिल्ला लावायचा, त्यात फोटोची फिल्म असते, दर पंधरवड्याला ती तुमच्या हापिसात जाते, तिथं तुम्ही ती धुता आणि ती जेवढी काळी तेवढे किरण त्या माणसाला लागले असं लिहिता. हे तुम्हीच मागं मला ओट्यावर बसून समजावलं होतं, लई ऐटीत. आता मी त्या चळतीतला एकेक कागद बघितला. गेणबा, शून्य. गेणबा, शून्य. सहा वर्षं शून्य. पहिल्या वर्षाची सही कुणा दुसऱ्याची, पुढच्या पाच वर्षांची तुमची. वा कसा काढायचा ते मी पाटीवर गिरवून घेतलं होतं, मी ओळखणार नाही तर कोण?

मग डॉक्टरांनी काय लिहून दिलं ते ऐका. मशीनचा संबंध नाही, रुग्णाला दारूचं व्यसन असावं. तुमच्या दादाला. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि जो लग्नाच्या पंगतीतसुद्धा ताक पिऊन उठतो. आता गावात दोन तोंडं भेटली की तेच. सारजाबाई परवा मला म्हणाली, "पुण्यात कुनाला काय दिसतंय गं? पीत आसंल." शेजारी राहून तीस वर्षं झाली तिला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. तुमच्या शास्त्रात हात बघायचाच नाही, नुसता आरसा बघायचा.

आणि तो बिल्ला, तो म्हणे खोलीच्या बाहेर एका कापडी पिशवीत खिळ्याला टांगलेला असायचा. हे मशीनपुढं आणि बिल्ला भिंतीवर. म्हणजे सहा वर्षं भिंतीची तब्येत चांगली आहे एवढंच तुम्हाला कळलं, आणि तुम्ही त्यावर सही केलीत.

आता त्या जागी बुधा आहे, ताम्हिणीच्या वरच्या वाडीतला. तुमच्या दादांनीच त्याला तिथं चिकटवलं आणि तुमच्या दादांनीच काम शिकवलं. पोरं कशी धरायची तेही शिकवलं आणि बिल्ला कुठं टांगायचा तेही. त्याची बायको आता दुसऱ्यांदा पोटुशी आहे. त्याच्याही कागदावर शून्य येत राहील आणि खाली सही तुमची.

मला बाकी काही नको. तो कागद बदला. शून्य खोडा, खरं काय ते लिहा, दारू पुसा. ते होईपर्यंत या घराची पायरी चढू नका. दादा आजारी आहे म्हणून नाही आणि मेला म्हणूनही नाही.

गोजराबाई


कोळवण, ता. १९ नोव्हेंबर १९६३

वाल्मीकराव,

तुमचं कार्ड मिळालं. भैरू पोस्टमननं आधी सगळ्या आळीला वाचून दाखवलं, मग माझ्या हातात दिलं. "मणभर तांदूळ पाठवावा. जुना व चांगला वाळलेला असावा, नवा नको. सोबत दादाच्या अंगाची मापं. सविस्तर मागाहून." खाली सही. तुम्हाला सह्या बऱ्या जमतात.

मी तीन पानं लिहिली आणि तुम्ही तांदूळ मागवलात. आळीत तेवढ्यात निकाल लागला. सारजाबाई म्हणाली, "वाटनी मागतोय गं धाकला. भाऊ जायच्या आदी आपलं पोतं मोकळं करून घेतोय." आणि मी, जी वीस वर्षं तुमच्यावर कुणाला बोट उचलू दिलं नाही, मी कार्ड घेऊन आत आले. तिला खोटं कसं पाडणार? शब्द तुमच्याच हातचे.

वर पुन्हा जुना पाहिजे. नव्याचा भात गिचका होतो, साहेबांच्या घशाखाली उतरत नसेल. आणि मापं कशाला? दादाला कोट शिवणार आहात का तिरडी किती लांब लागेल ते बघताय?

तुमची आई गेली तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होतात. मी या घरात येऊन वर्ष झालं होतं. माझी कूस उजवली नाही, लोक कायकाय बोलले, तुमचे दादा म्हणाले, "आपल्याला हाय की पोरगं." ते पोरगं तुम्ही. तुम्ही पौडाच्या शाळेत, मग पुण्यात शिकायला राहिलात म्हणून हे इस्पितळात लागले. नाहीतर कशाला गेले असते ते शेत सोडून लोकांची पोरं धरायला. मुंबईत बसून फिल्म बघायची आणि इथल्या माणसाचं ठरवायचं, याला आम्ही उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो.

कार्ड मी ह्यांना दाखवणार नव्हते. पण भैरूचा आवाज आत जायचा राहतो का? हसले. म्हणाले, "मागतुया तर दे की. आपला भाऊ हाय. कायतरी काम आसंल त्येचं."

न्हाई देणार. कणगी बुडाशी येईल तरी एक दाणा देणार न्हाई. काय करायचं ते करा.

गोजराबाई


कोळवण, ता. ८ डिसेंबर १९६३

वाल्मीकराव,

तुमचं लांब पत्र पाकिटातून आलं. पहिल्यांदाच असं पाकीट धाडलं असतं तर मी गावभर तुमची अब्रू काढली नसती. आता काढून झाली आहे. सारजाबाईकडून परत आणायची असेल तर तुम्हीच आणा.

कार्ड उघडं असतं, हापिसातले वाचतील, म्हणून थोडक्यात लिहिलं म्हणता. हापिसाची भीती वाटली, आळीची वाटली नाही.

पत्र मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. मला कळलं ते असं. माणसाच्या मांसात किरण जसे जिरत जातात, जवळजवळ तसेच ते तांदळात जिरतात. म्हणून दादाच्या मापाचा कापडी माणूस शिवायचा, कमरेपासून वर, डोक्या-हातांसकट, आणि त्यात तांदूळ ठासून भरायचा. नव्या तांदळात ओल असते म्हणून जुना. आत जागोजागी काळ्या कागदात गुंडाळलेल्या फिल्मा ठेवायच्या, एक गळ्यापाशी, एक काळजापाशी, एक कण्याशी जिथं हाडाच्या मगजात रक्त बनतं, आणि हातांवर. मग दादा उभे राहायचे तसा त्याला त्याच मशीनपुढं उभा करायचा. दादाच्या कुठल्या अवयवाला किती पोचलं ते तांदूळ सांगतील. बिल्ल्यावरचं शून्य खोडायचा दुसरा मार्ग नाही, नुसत्या वहिनीच्या पत्रावर सरकारी कागद बदलत नाही. बरोबर?

बरोबर असेल. पण हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जित्या माणसाचा पुतळा? माणूस परमुलखात मेला आणि प्रेत हाती लागलं नाही तर दर्भाचा पुतळा करून जाळतात, हे तू याच गावात डोळ्यांनी बघितलंयस. कुशाबा लढाईवरून आला नाही तेव्हा. तो पुतळा बघून तूच माझ्या पदरात तोंड लपवलं होतंस. आणि आता मी माझ्या हातानं, माझा नवरा पलीकडं खोकत असताना, त्याच्या मापाचं तसलं काही शिवायचं?

चार दिवस मी सुईला हात लावला नाही. पाचव्या दिवशी ह्यांनी मला जवळ बसवलं.

"गोजरा, त्या कागदावर मी न्हाईच," म्हणाले. "सहा वरसं मी त्या खोलीत व्हतो का न्हवतो? कागुद म्हनतोय न्हवतो. तांदूळ तरी सांगतील. शीव."

"अन् अपशकुन?"

"आता आनि काय व्हायचं राह्यलंय? तू शीव. त्या बुधाला मी खिळा दावलाय. माझ्याच्यानं दुसरं काय हुतंय आता?"

मग शिवलं. इस्पितळानं दिलेला जुना खाकी सदरा उसवून घेतला. तू दोऱ्यावर गाठी मारून माप घे म्हणालास, तसं घेतलंही, पण आज छातीचं माप घेऊन काय उपयोग? माणूस निम्मा उरलाय. किरण लागले तेव्हा तो सदऱ्यात मावत नव्हता. म्हणून मी मापाला सदरा धरला. तुझ्या शास्त्रात हे बसत नसेल तर बसव.

हात नुसते नळकांड्यासारखे शिवले तरी चालतील असं तू लिहिलंस. मला चालणार नव्हतं. मी दहा बोटं शिवली आहेत, वेगवेगळी. आंगठा उलटा झाला म्हणून दोनदा उसवला. तुम्ही सहा वर्षं छातीवरच्या बिल्ल्यावरून अख्खा माणूस मोजायला निघालात, आणि किरणांच्या वाटेत होते ते हात. त्या हातांना एक चिंधीसुद्धा बांधली नाही कुणी. आता प्रत्येक बोटाला फिल्म बांध.

तांदूळ कणगीच्या तळाचा आहे, गेल्या सालचा. आंबेमोहोर. मशीनला वासाचं काय म्हणशील. माझ्या घरात दुसरा नाही.

बघ, लिहिता लिहिता तू म्हणून बसले. खोडत नाही, पान खराब होईल. पण त्याला माफी समजू नकोस. पायरीचं म्हणाले ते तसंच आहे.

गोजराबाई


कोळवण, ता. १६ जानेवारी १९६४

वाल्मीक,

रविवारी ह्यांना पुण्याला जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तांदळाचा माणूस बुधानं एकट्यानं न्यावा. पण हे पहाटेपासून टोपी घालून बसले. म्हणाले, "मी कसा हुबा ऱ्हायचो ते बुधाला काय ठावं? डाक्टरला ठावं न्हाई, वाल्मीकला न्हाई. त्येचा हात मीच धरनार."

एष्टीत ह्यांच्या शेजारी त्याला बसवला. कंडक्टर म्हणाला, बुजगावण्याला तिकीट लागंल, शीट अडवलीय. हे म्हणाले, "मलाच आर्धं दे मग, मी आर्धाच हाय." सगळी गाडी हसली म्हणे. घरी येऊन मला सांगताना पुन्हा हसले आणि हसता हसता नाकातून रक्त आलं.

बाकी सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. मोठे डॉक्टर दारात उभे राहून म्हणाले, "यातला गेणबा कोणता?" असला विनोद. ह्यांनी पुतळ्याला मशीनपुढं उभा केला, दोन्ही हात पुढं घेतले, पोराच्या ठिकाणी उशी दिली, आणि मान डावीकडं कलती केली, कारण पोरगं तोंडावर हात मारतं म्हणून हे मान तशी ठेवायचे. मुंबईहून आलेला तू वहीत लिहून घेत होतास. मग तू ह्यांच्या खांद्याला धरून ह्यांना दाराबाहेर काढलंस आणि दार लावलंस.

"अकरा वरसांत पैल्यांदा मला कुनी भाईर काढलं गं," हे म्हणाले. "मशीन सुरू व्हायच्या आदी. मला वाटलं, आसं बी करता येतंय व्हय."

मी उठून परसात गेले. काय करू, तिथं दळायचं निवडून ठेवलं होतं ते झाकलं आणि परत आले.

आता तुझ्या पत्राचं. पहिल्या फिल्मा धुतल्यावर काळ्याकुट्ट आल्या, आणि मोठ्या डॉक्टरांची भाषा फिरली. आता म्हणतात, लागलं असेल, पण बिल्ला त्यानंच काढून ठेवला, नियमांचा कागद भिंतीवर होता, दोष त्याचा. चोराच्या उलट्या बोंबा. तो कागद इंग्रजीत होता हे त्यांना सांग. आणि तू मला विचारतोस, "वहिनी, बिल्ला खिळ्याला टांगायला दादाला कुणी सांगितलं? अहवालात कारण लिहावं लागेल."

मी सांगितलं.

पहिल्या पत्रात मी 'म्हणे' लिहिलं होतं. म्हणे कापडी पिशवी. ती पिशवी माझ्या हिरव्या लुगड्याच्या काठाची आहे, मीच शिवली आणि टांगायला नाडी मीच लावली. सत्तावन्न साली बिल्ले सुरू झाले, तेव्हाची गोष्ट. ह्यांची पहिलीच फिल्म काळी आली, मुंबईनं ती खराब झाली म्हणून मोजलीच नाही. इस्पितळातल्या कारकुनानं सगळ्यांपुढं झापलं, सरकारी फिल्म खराब करतोस, पुन्हा अशी आली तर या खात्यातून उचलून फेकीन. शनिवारी घरी आले ते तोंड पाडून. जेवले नाहीत. तू तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

मी म्हटलं, त्यात काय एवढं? भाताच्या आवणीला चिखलात उतरताना आम्ही बाया काय करतो? चांदीच्या पाटल्या हातातून काढतो, फडक्यात बांधतो आणि बांधावरच्या झाडाला टांगतो. काम झालं की हात धुवायचे आणि पाटल्या घालायच्या. चांगली वस्तू घालून कुणी चिखलात जातं का? तुम्हीही खोलीत शिरताना बिल्ला काढा, बाहेर आलात की लावा. ह्यांना ते इतकं पटलं की दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पुढची फिल्म कोरी आली. कारकुनानं शाबासकी दिली.

लिही. गोजराबाई, कोळवण, असं नाव घालून लिही. मी तुझ्यावर तीन महिने आग पाखडतेय आणि खिळा माझा आहे. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रोज ह्यांचे हात धुताना ठाऊक होतं. ह्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

पण माझ्या नावाच्या शेजारी हेही लिही. बिल्ला कशासाठी आहे हे ह्यांना सहा वर्षांत एका माणसानं सांगितलं नाही. आम्हाला वाटलं ती इस्पितळाची वस्तू आहे, जपायची असते. ती ह्यांच्यासाठी आहे, ती काळी पडली तर माणसाला बाहेर काढायचं असतं, हे कुणी सांगायचं होतं? आणि तू, वाल्मीक? दर दिवाळीला येऊन चकल्या खाऊन जायचास. एकदा तरी विचारायचंस, दादा, बिल्ला कुठं लावतोस. एवढा एक प्रश्न.

गोजरा


कोळवण, ता. २१ फेब्रुवारी १९६४

वाल्मीक,

सोमवारी सकाळी दादा गेले हे तुला तारेनं कळलंच. कळलं होतं हे मला नंतर समजलं. अग्नी चुलतभावानं दिला, बहिरूनं. मी घरात होते, बायकांनी स्मशानात जायचं नसतं. बहिरू परत आल्यावर म्हणाला, "वैनी, नदीच्या पल्याड वाल्मीक हुबा व्हता. हाका मारल्या, आला न्हाई. राख हुईस्तोवर हुबा व्हता, मग पौडाच्या वाटंनं गेला."

तू लिहिलंस की कागदावर सही व्हायची होती, शून्य खोडलं गेलं नव्हतं, म्हणून वहिनीचा शब्द पाळला. माझे शब्द तू जन्मात किती पाळलेस? अंघोळीला पळायचास, अभ्यासाला पळायचास, आणि पाळायला हाच शब्द सापडला? सख्खा भाऊ पल्याड आणि चुलत्याचा पोरगा विस्तव घेऊन. मला हे कधी विसरता यायचं नाही, आणि हे माझ्याच तोंडचं आहे हेही विसरता यायचं नाही.

कागद काल बुधाच्या हाती पोचला. मी चार वेळा वाचला. छातीला, आठवड्याला किरणांची जी सरकारी हद्द आहे तिच्या तिप्पट. कण्यातल्या मगजाला दुप्पट. हातांना तीसपट. हे एकदा नाही, दर आठवड्याला, अकरा वर्षं. खाली लिहिलंय, पूर्वीचे शून्याचे आकडे चुकीचे असून रद्द. इस्पितळानंही दारूची ओळ काढून टाकल्याचं पत्र जोडलंय. पाच दिवस आधी आलं असतं तर ह्यांना वाचून दाखवलं असतं. शेवटच्या दोन दिवसांत एवढंच विचारत होते, "तांदळानं काय सांगितलं?"

बुधा म्हणाला, आता पोराला त्याची आई नाहीतर बाप धरतो, एप्रन घालून. बुधा भिंतीआड. बिल्ला छातीवर. कारकून ओरडला तर तुला पत्र लिहायचं असं त्याला सांगितलंय. त्यानं खिशातून खिळा काढून माझ्यापुढं ठेवला. उपटून आणलाय. हिरवी पिशवी पण आणलीय.

तुझ्या पत्राचं शेवटचं पान मी बाजूला ठेवलं होतं. आज लिहायला बसायच्या आधी पुन्हा काढलं. इस्पितळातून तुझ्याकडं येणाऱ्या बिल्ल्यांच्या प्रत्येक पाकिटात एक जादा फिल्म असते, मशीनपासून लांब ठेवायची, ताडून बघायला. तू लिहितोस, दोन वर्षांपूर्वीच तुझ्या लक्षात आलं होतं की दादाची फिल्म आणि ती लांबची फिल्म नेहमी एकसारख्या येतात. मशीनवर काम करणाऱ्याची इतकी कोरी येऊच शकत नाही. विचारलं तर चौकशी होईल, दादाची नोकरी जाईल, म्हणून सही करत राहिलास.

वाल्मीक, हे वाचून माझा हात तुझ्या गालाकडं गेला, तू इथं नव्हतास म्हणून वाचलास. दोन वर्षं. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या आंगठ्याला नुसती चीर होती. मग माझी नजर त्या हिरव्या पिशवीवर गेली आणि हात खाली आला. तू त्यांची नोकरी सांभाळलीस, मी तो बिल्ला सांभाळला. त्यांना सांभाळायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मला तुझा राग आहे आणि माझाही आहे, आणि दोन्हीतला कुठलाच कमी होईल असं वाटत नाही. हे मी तुला स्पष्ट सांगते, नंतर म्हणू नकोस की वहिनी निवली.

आता कामाचं ऐक. बुधाबरोबर तू तो तांदूळ परत पाठवलास, पुतळ्यासकट. बरोबर चिठ्ठी, की तांदळात काही उरत नाही, खुशाल खावा. सारजाबाई म्हणते, मेलेल्याच्या पुतळ्यातले तांदूळ, नदीत सोड, कोंबड्यांनासुद्धा घालू नकोस. म्हणजे तांदळाचं काहीच बिघडत नाही, माणसाचंच बिघडतं, असं झालं ना? मग तसं सगळ्यांदेखत म्हणून दाखव.

तेरावं एकोणतीस तारखेला, शनिवारी आहे. पायरीचं बंधन काढलंय. सरळ ओट्यावर ये. पंगत बसायच्या आधी तो कागद काढ आणि उभा राहून वाच, छातीचं, मगजाचं, हातांचं, आकड्यांसकट, सारजाबाईला ऐकू जाईल असा. दारूची ओळ काढली तेही वाच. मग खिळ्याचं सांग, माझं नाव घेऊन. दोन वर्षांचं सांग, तुझं नाव घेऊन. त्यातलं काही गाळलंस तर मी चुलीपाशी उभी आहे, मी सांगीन.

मग पानावर बस. भात त्याच तांदळाचा आहे. इतरांना नको असेल तर त्यांनी भाकरी खावी, पिठाला तोटा नाही.

पुतळा काल मी उसवला. धडाचा तांदूळ एका पातेल्यात घेतला. बोटांतला वेगळा काढून ठेवलाय, दहा बोटांचा मिळून दोन मुठी भरला. तो वेगळा शिजवणार आहे. एक मूठ तुझ्या पानात वाढीन, एक माझ्या. वाढताना पानावर आडवा हात धरू नकोस.

गोजरा वहिनी